हेल्पर

मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात आपल्या माणसाला पाय ठेवू देत नव्हते, हे आपल्या सभांतून नेहमी सांगतात. धोट्यातला धागा तुटला की तो तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. अस्पृश्याचा उष्टा धागा सवर्ण विणकर तोंडाला कसा लावणार? म्हणून जास्त पगाराचं खातं त्यांचं, आणि आपण कमी पगारावर स्पिनिंगला. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांनाच सुनावलं, विणाई खातं आमच्या लोकांना उघडायची मागणी घ्या, नाहीतर आमची माणसं संपात धरू नका.

दोस्तहो, त्याच गिरण्यांत बायाही होत्या. 1920 च्या आसपास पाच कामगारांत साधारण एक बाई. त्या बहुतेक वाइंडिंगला आणि रीलिंगला, आणि पगार पुरुषाहून कमी. हे सभेत कुणी सांगत नाही. संप चालू होता त्याच जुलैत बाबासाहेब मुंबईच्या कौन्सिलात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या भत्त्याच्या बिलावर बोलले. बाईच्या कामावर मालक कमावतो, तर हा बोजा थोडा त्यानंही उचलावा, असं त्यांचं म्हणणं. 1929 ला कायदा झाला. आपल्यातले काही म्हणतात आधी जातीचं बघू, बायांचं मागनं. बाबासाहेबांनी एकाच सालात दोन्ही बघितलं.

मीही मिलवालाच, पण माझी मिल सुताची नाही, पाईपाची. पिंपळे गुरवला खोली, पवनेचा पूल ओलांडून कासारवाडीवरून भोसरीला कामाला. पत्र्याची पट्टी रोलरमधून जाते, गोल होते, वेल्ड होते, मग पाईप कापला जातो. मशीनवर पुरुष. बाया बर काढायला, मोजायला, बांधायला. सगळ्या ठेकेदाराच्या, आणि सगळ्यांच्या कार्डावर एकच शब्द, हेल्पर.

त्यातली एक मावशी. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं त्या 2016 साली गाव सोडून आली. तिला नाव आहे, पण फोरमनपासून चहावाल्या पोरापर्यंत सगळे मावशीच म्हणतात. मी म्हणतो ते वयाच्या मानानं. पन्नाशीचा सुपरवायझर मावशी म्हणतो तेव्हा नाव विचारायचा कंटाळा असतो, दुसरं काही नाही. पाच वर्षं ती कटिंग मशीनशेजारी बसून बर काढतेय. आवाजावरून ब्लेड गेलं हे ऑपरेटरच्या आधी तिला कळतं. दिवाळीत ऑपरेटर गावी गेला, तेव्हा आठ दिवस सेकंड शिफ्टला मशीन तिनंच लावलं. स्टॉपर बांधला, व्हर्नियर धरला, पहिला पीस तपासला. माल परत आला नाही. नवव्या दिवशी ऑपरेटर आला आणि मावशी परत बर काढायला. पगार हेल्परचा.

8 मार्चला साहेबानं बायांना एकेक गुलाब दिला, फोटो काढला. बायांच्या संडासाची किल्ली त्या दिवशीही सुपरवायझरच्या टेबलात. मागायची तर दहा पुरुषांदेखत मागायची. म्हणून बाया शिफ्टभर पाणी पीत नाहीत. मे महिन्यात, पत्र्याखाली. कामगार कारखान्यात असेल तोवर केव्हाही जाता येईल असा संडास हवा, आणि बायांना वेगळा हवा, हे 1948 च्या फॅक्टरी कायद्यातच लिहिलं गेलं होतं.

याच पट्ट्यात 1974 साली टेल्कोला इंजिनिअर हवे होते, आणि जाहिरातीत लिहिलं होतं, बायांनी अर्ज करू नये. बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींनी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्तींनी, थेट जे. आर. डी. टाटांना कार्ड टाकलं. पुण्याला मुलाखत झाली, नोकरी मिळाली. चांगलीच गोष्ट आहे. पण त्यांच्याकडं इंजिनिअरिंगचं शिक्षण होतं आणि कार्ड कुणाला टाकायचं हे ठाऊक होतं. ठेकेदाराच्या बाईनं कुणाला टाकावं? आज टाटा मोटर्सच्या पुण्याच्या कारखान्यात आणि चाकणला बजाजच्या कारखान्यात पोरी लाईनवर उभ्या आहेत. तेव्हा बाईचा हात मशीनवर बसत नाही, हे कारण मेलं.

उरलेली कारणं आमच्याच मीटिंगला ऐकली. मागणीपत्रकात मावशीला ऑपरेटरची ग्रेड घाला, म्हणालो. एक म्हणाला, "आरं, बाया मशीनवर आल्या की मालक आपला रेट पाडंल." दुसरा म्हणाला, "अन् रातपाळीला काय करशील?" ही एप्रिलात निळा झेंडा खांद्यावर घेणारी माणसं. विणकरांनी तरी वेगळं काय केलं होतं, आपली जागा राखायलाच बसले होते ना? रेट पडतो तो बाई स्वस्तात राबते म्हणून. तिला बरोबरीचा रेट दिला तर आपल्याजागी तिला आणून मालकाला काय मिळणार? समान कामाला समान मोबदल्याचा कायदा 1976 साली झाला. आमच्याकडं काम वेगळं दाखवायला हेल्पर हा एक शब्द पुरतो. आणि मीटिंगला आलेल्या दोन बाया, कुणी न सांगता, चहाच्या किटलीपाशी.

मावशीला विचारलं, "अर्ज तुमच्या नावानं करू का?"

"माझ्या एकलीच्या नको. आठीजणींची नावं घाल. अन् किल्लीचं वर लिही, ग्रेडचं खाली. ग्रेड मिळंस्तोवर मुतखडा व्हईल."

तसाच लिहिला. आठ नावं, आडनावांसकट. ठेकेदाराला कळलं तर गेट आधी बायांना बंद होणार, हे तिला माहीत आहे. पहिली सही तिचीच. बायांच्या आठही झाल्या. पुरुष बेचाळीस, त्यातल्या अकरांनी केल्या. सोमवारपासून मला सेकंड शिफ्ट आहे. उरलेले बहुतेक त्याच शिफ्टला असतात.