तीन वर्षांचे रविवार

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. वाचकहो, ही एकवीस अंकी संख्या दिसते तितकी दुर्गम नाही. दोनाला दोनाने गुणत सदुसष्टाव्या घातापर्यंत जावे आणि उत्तरातून एक वजा करावा, की ती हाती येते. तिच्याकडे आमचे लक्ष वेधले ते एका संन्यस्त धर्मगुरूमुळे. मारँ मेर्सेन (१५८८-१६४८) हे मिनिम संघाचे. पॅरिसच्या मठात राहून ते देकार्त, फर्मा अशा विद्वानांशी पत्रव्यवहार करीत. १६४४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी अशा रीतीने मिळणाऱ्या मूळ संख्यांची यादी दिली. तीत सदुसष्टावा घातही होता. म्हणजे या संख्येला एक व ती स्वतः यांखेरीज अवयव नाही, असा त्यांचा निर्वाळा होता.

दोनशेहून अधिक वर्षे तो कोणाला खोडता आला नाही. १८७६ साली फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी ती मूळ संख्या नसल्याचे दाखविले, पण एकही अवयव न सांगता! (यादीतून एकसष्टावा घात मात्र निसटला होता. त्याची संख्या मूळ असल्याचे १८८३ मध्ये सिद्ध केले ते रशियातील एका खेड्यातल्या ऑर्थोडॉक्स धर्मगुरूने, इव्हान पेर्वुशिन यांनी. आम्हां मंडळींना हा नाद जुनाच दिसतो.)

चोर आहे हे ठाऊक, पण तो कोण हे नाही, अशी ती अवस्था. या संख्येचा कोणताही अवयव १३४ च्या पटीत एक मिळवूनच येतो, असा नियम आहे. परंतु पट कितवी? लहान अवयवासाठी ती १४,४५,५८० वी निघाली! अमेरिकेचे फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या गणितसभेत तो मांडला. ई. टी. बेल लिहितात की, कोल एक शब्दही बोलले नाहीत. फळ्याच्या एका बाजूस त्यांनी घात काढून एक वजा केला, दुसऱ्या बाजूस १९,३७,०७,७२१ ला ७,६१,८३,८२,५७,२८७ ने गुणले. उत्तरे जुळली, सभेने टाळ्यांचा गजर केला. किती काळ लागला, असे बेल यांनी पुढे विचारले, तेव्हा कोल उत्तरले, तीन वर्षांचे रविवार.

रविवारी मिस्सा, बाप्तिस्मे आणि लग्नाच्या चिठ्ठ्या यांत बुडालेल्या आम्हांला त्या रविवारांचा हेवा वाटला, हे लपवीत नाही. ल्युकांचे प्रमाण समजण्यास पंडित लागतो. कोलांचे प्रमाण मात्र शाळकरी पोरालाही तपासता येते. साध्या गणकयंत्रावर उत्तर मावत नाही, म्हणून आम्ही जुन्या सूचनापत्राच्या कोऱ्या बाजूवर तो गुणाकार मांडला. शेवटचे तीन अंक ९२७ आले, तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते.