एका पिंजऱ्यातला संसार



मागच्या वेळी उन्हाळी वाळवणाबद्दल लिहिलं होतं. आज विषय अगदी वेगळा आहे. माझ्या हातून झालेली एक चूक सांगायची आहे, म्हणून जरा धीर धरून लिहिते.

गेल्या उन्हाळ्यात नातीच्या मैत्रिणीच्या वडिलांची बदली झाली. जाताना त्यांनी दोन गिनी पिग आमच्याकडे आणून दिले. विकत घेऊन कुठला जीव घरात आणायचा नाही, हा आमचा नेम. पण दारात आलेल्याला परत कसं लावणार? "दोघीही माद्याच आहेत, दुकानदारानं बघून दिल्यात," असं त्या बाई म्हणाल्या. नातीनं नावं ठेवली चिंगी आणि मंगी. उंदराहून मोठे, सशाहून लहान, शेपूट नाही, आणि कोथिंबिरीची पिशवी वाजली की दोघंही शिट्टी मारल्यासारखं ओरडायचे. आठ दिवसांत मीच त्यांच्या नादी लागले.

ज्येष्ठात एका सकाळी मंदिरातून आले, तर पिंजऱ्यात तीन पिल्लं! आपल्या मांजराच्या पिल्लांसारखी आंधळी नाहीत. अंगावर केस, डोळे उघडे, तासाभरात पळायला लागलेली. सूनबाईनं नीट पाहिलं आणि म्हणाली, "आई, मंगी नाहीये ही, मंग्या आहे. याला आत्ताच वेगळं ठेवू या."

मी म्हणाले, "अगं, तान्ही पिल्लं आहेत. बापाला का तोडायचं त्यांच्यापासून? राहू दे की सगळ्यांना एकत्र."

ती पुढे काही बोलली नाही. घरात माझा शब्द चालतो, तो असा.

अठराव्या दिवशी पिल्लं दाखवायला डॉक्टर बाईंकडे गेलो. लहान प्राण्यांचा त्यांना चांगला अनुभव आहे. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "नर कुठं आहे?" एकाच पिंजऱ्यात म्हटल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. गिनी पिगची मादी व्यायल्यावर काही तासांतच पुन्हा माजावर येते. पिल्लांमधला नर तीन आठवड्यांचा झाला की त्यालाही आईपासून आणि बहिणींपासून काढावं लागतं, आणि मादी पिल्लं महिन्याभरात वयात येऊ शकतात. बापाला मुलगी कळत नाही. "बाळंतपणाच्या दिवशीच वेगळं करायला हवं होतं," त्या म्हणाल्या. सूनबाई माझ्याकडे न बघता पिशवीची चेन लावत बसली.

घरी येऊन मी वही काढली. बी.कॉम.ची सवय, आकडे मांडल्याशिवाय काही पटत नाही. गर्भ ५९ ते ७२ दिवसांचा. म्हणजे वर्षाला पाच वेळा बाळंतपण होऊ शकतं. दर वेळी तीन पिल्लं धरली तर एका मादीची १५, आणि यात तिच्या लेकींचा हिशोब धरलेलाच नाही. इतक्यांना घर कोण देणार? आणि त्या एका जिवाचं काय होणार? मंग्याला आणि त्याच्या लेकाला त्याच दिवशी दुसऱ्या पिंजऱ्यात हलवलं. पण उशीर झाला होता.

श्रावणात चिंगी पुन्हा व्यायली. या वेळी दोन पिल्लं. एक हलत होतं, एक नाही. न हलणाऱ्याला ती कितीतरी वेळ चाटत होती. पहिल्या बाळंतपणातून सावरायच्या आतच हे दुसरं आलं होतं. हात लावला तर पाठीची हाडं लागायची. मी त्या इवल्याशा जिवापाशी बसून नऊ वेळा णमोकार म्हटला आणि चाफ्याखाली त्याला मातीत ठेवलं. आमचे हे म्हणाले, "निसर्ग आहे, तू काय करणार?" पण निसर्ग कुठला? डोंगरातल्या गवतात मादी नरापासून लांब पळू शकते. आमच्या तीन फुटांच्या पिंजऱ्यात ती कुठं पळणार होती? दार मीच लावलं होतं.

आता पुढं काय, यावर घरात बरीच चर्चा झाली. चिंगी लेकींबरोबर मजेत होती. पहिल्या खेपेचा नर पिल्लू डॉक्टर बाईंच्या ओळखीच्या घरी गेला आणि मंग्या एकटा पडला. हे कळपातले प्राणी, त्यांना एकटं राहणं सोसत नाही. तो जाळीला तोंड लावून बसायचा, खाणंही कमी केलं. त्याच्यासाठी दुसरा नर आणायचा तर पुन्हा विकत घेणं आलं. डॉक्टर बाईंनी दुसरा मार्ग सांगितला, नसबंदी. नसबंदी केलेला एक नर आणि त्याच्याबरोबर एक-दोन माद्या, ही सगळ्यांत शांत जोडी असते म्हणे.

मला हे पटेना. आपल्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तुम्हाला ठाऊकच आहेत: बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, जास्त ओझं लादणं आणि अन्नपाणी तोडणं. छेद त्यात स्पष्ट आहे. जिवावर सुरी चालवायला आपण कशी परवानगी द्यायची? दसलक्षण पर्वाचे दहा दिवस मी हाच विचार करत होते. एका संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले असताना जाणवलं, की त्या यादीत बांधून ठेवणंही आहे, तेही सगळ्यांत आधी, आणि ते मी रोजच करते आहे. आपल्याकडे हिंसेच्या मुळाशी प्रमाद सांगितला आहे. त्या पिल्लाला सुरीनं नाही मारलं. न विचारता, न शिकता, "राहू दे की सगळ्यांना एकत्र" म्हणणाऱ्या माझ्या बेफिकिरीनं मारलं. तेव्हा ते मला मायाच वाटलं होतं.

क्षमावाणीच्या दिवशी मी सूनबाईची क्षमा मागितली. दरवर्षी मागतेच, पण या वेळी कशाबद्दल ते सांगून मागितली. मग आम्ही दोघी मंग्याला घेऊन गेलो.

ऑपरेशन म्हणजे उपाशी न्यायचं, असं मी धरून चालले होते. डॉक्टर बाई म्हणाल्या, "यांना उपाशी ठेवायचं नसतं. यांना उलटी होत नाही, आणि पोट थांबलं तर जीव जातो. घरचं गवत बरोबर आणा, शुद्धीवर आला की लगेच पुढ्यात ठेवू." मला फार बरं वाटलं.

लगेच एकत्र ठेवायचं नाही, हेही लक्षात ठेवा. नसबंदीनंतरही काही आठवडे नरापासून गर्भ राहू शकतो. आम्ही पूर्ण सहा आठवडे थांबलो. पिंजरे शेजारी, मध्ये जाळी, म्हणजे वास आणि आवाज ओळखीचे राहिले. दरम्यान चिंगीच्या पहिल्या खेपेच्या दोन्ही लेकी जोडीनंच नातीच्या वर्गमैत्रिणीकडे गेल्या. दिवाळीचे फटाके संपल्यावर चिंगी, तिची धाकटी लेक आणि मंग्या यांची गाठ घातली. कुणाच्याच पिंजऱ्यात नाही, हॉलमध्ये जमिनीवर, जुन्या चादरीवर. तीन ठिकाणी गवताचे ढीग, दोन पाण्याच्या बाटल्या, लपायला खोके, पण प्रत्येकाला दोन दारं, म्हणजे कुणी आत कोंडलं जात नाही. मंग्या गुरगुरत, डुलत चिंगीभोवती फिरला. तिनं मान वर करून दात वाजवले. माझा हात पुढं गेला, तर सूनबाई म्हणाली, "आई, थांबा. रक्त निघालं किंवा गुंडाळी होऊन भांडले, तरच सोडवायचं. आणि तेही हातानं नाही, टॉवेलनं." या वेळी मी तिचं ऐकलं. अर्ध्या तासात तिघंही एकाच ढिगातलं गवत खात होते.

खाण्याचं विचाराल तर मुख्य अन्न वाळलेलं गवत, तेही दिवसरात्र. आपण सूर्यास्तानंतर खात नाही, पण यांचं गवत रात्रीही भरलेलं लागतं. माणसासारखंच यांच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून रोज ढोबळी मिरची द्यायची. गाजर दिलं नाही तरी चालतं. आमच्याकडे चातुर्मासात पालेभाजी येत नाही, पण कोथिंबिरीच्या दोन काड्या यांच्यासाठी येतच राहिल्या. भाजीवाला म्हणाला, "काकू, नेम मोडला काय?" म्हटलं, नेम माझा आहे, त्यांचा नाही.

तुमच्याकडे नातवंडांच्या हट्टानं असे जीव आले, तर दुकानदाराच्या शब्दावर राहू नका. पहिल्याच दिवशी जाणकार डॉक्टरांकडून नर-मादी तपासून घ्या. मादी सहासात महिन्यांची होऊन गेली असेल, तर तिचं पहिलं बाळंतपण जिवावर बेतू शकतं, कारण तोवर ओटीपोटाची हाडं जुळून घट्ट झालेली असतात.

चाफ्याला या वर्षी फुलं आली आहेत. सकाळी पूजेला फुलं घेते, त्या झाडाची मात्र घेत नाही.

जय जिनेंद्र.