समाधानी आहात का?

बहिणीचं सिझर झालं तेव्हा जिनिंगमधली पाळी सोडून मी परभणीतल्या एका सरकारी दवाखान्याच्या जिन्यावर बसलो होतो. तिसऱ्या दिवशी एक बाई कागद घेऊन आली. "समाधानी आहात का?" बहीण म्हणाली, "हो." बाईनं खूण केली आणि पुढच्या खाटेकडं गेली.

रात्री बहीण बोलली, "दादा, पाठीत सुई टोचली अन् पाय मेल्यागत झाले. वाटलं, जन्माची अधू झाले. कुणी काही सांगितलंच न्हाई. वढल्यालं कळत व्हतं, दुखत नव्हतं. हुडहुडी भरली. मग पोरगी रडली. ते मातर माझ्या कानानं ऐकलं."

मणक्यातल्या भुलीत बाई जागी असते. छातीखालचं अंग बधिर होतं, काही तासांत पुन्हा जागं होतं. ओढल्याचं कळतं. हुडहुडी नेहमीचीच. एवढी चार वाक्यं तिला आधी सांगायला किती वेळ लागला असता?

तिचा 'हो' खोटा नव्हता. दोघी जिवंत होत्या. पण आपण एवढ्यावरच समाधान मानायला शिकलोय. १९२८ साली बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बाईच्या बाळंतपणातल्या रजेसाठी बोलले, ते उपकार मागायला नव्हे. २०११ पासून सरकारी दवाखान्यात सिझर फुकट आहे. फुकट असलं म्हणून विचारायचं नाही, असं कुठं लिहिलंय?

मित्रांनो, वस्तीतली पुढची बाई दवाखान्यात जाईल, तेव्हा ही चार वाक्यं आपण तिला आधीच सांगू. आणि तिला म्हणू, बाई, तू विचार. जिभेला भूल दिलेली नसते.