पालकसभा आणि पालक

पाचवीच्या वर्गाला आम्ही दरवर्षी 'मुतवाजिन गिजा' शिकवतो. मुतवाजिन गिजा म्हणजे संतुलित आहार. शिकवणाऱ्या आम्ही दोघी. शाळा जिल्हा परिषदेची, उर्दू माध्यमाची. गाव रावेर तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे. आम्ही शहरात राहतो आणि सकाळच्या एसटीने गावी येतो. बी.एड.ला असताना या विषयाचा एक तक्ता आम्ही रंगवला होता. ताटात भाकरी, डाळ, हिरवी भाजी; ताटाशेजारी दुधाचा पेला आणि एक लालभडक सफरचंद. तोच तक्ता आजही वर्गाच्या भिंतीवर आहे.

2023 च्या पावसाळ्यात आम्ही मुलांना घरचा अभ्यास दिला : काल दिवसभरात तुम्ही काय खाल्ले ते लिहा. दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला घेतल्या. जवळजवळ प्रत्येक वहीत तेच होते. रोटी, दाल, पालक, दूध, सेब. फक्त एका मुलाने वेगळे लिहिले होते. सकाळी चहा आणि टोस्ट, दुपारी शाळेची खिचडी, संध्याकाळी पाच रुपयांचे पाकीट, रात्री भात आणि मिरचीची चटणी. याने पाठ वाचलेलाच नाही, असे आम्ही ठरवले. त्याच्या उत्तरावर लाल रेघ मारली आणि बाकीच्यांना 'शाबाश' दिली.

पुढच्याच आठवड्यात पालकसभा होती. पालकसभेला बाप येत नाहीत, आयाच येतात. त्याही केळीच्या बागेतले काम अर्धे टाकून. आम्ही त्यांना चांगलेच सुनावले. मुलांच्या हातात पाकिटे का देता, हिरवी भाजी का खाऊ घालत नाही, जरा मेहनत घ्या. बायका माना खाली घालून ऐकत होत्या. शेवटी एक जण उठली. तोच मुलगा तिचा. ती म्हणाली, "टीचर, पालक तुम लाके देव, हम पकाते." बाकीच्या हसल्या. आम्हीही हसलो. पण परतीच्या एसटीत दोघींपैकी कुणीच बोलले नाही. आमच्या पायाशी पिशवी होती. शाळेच्या खिचडीत घालायला भाजी आम्ही शहरातून नेत होतो, तिच्यात उरलेले दोन बटाटे होते. गावात भाजी मिळत नाही, हे आम्हाला रोजच ठाऊक होते. पालकसभेत तेवढे आठवले नव्हते.

त्यानंतर आम्ही गावाकडे जरा डोळे उघडून पाहू लागलो. आमचा भाग केळीचा. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. इथला माल दिल्लीपर्यंत जातो. गावाबाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवेगार आहे. बाहेरून आलेला माणूस म्हणेल, इथे खाण्यापिण्याची काय कमतरता! पण त्या बागा आमच्या मुलांच्या घरच्या नाहीत. आईबाप तिथे रोजाने जातात. गळालेले, टाकलेले केळे मुलांना मिळते, ते खरे. त्याशिवाय शेतातून घरी काही येत नाही.

पूर्वी येत असे. गावातल्या म्हाताऱ्या सांगतात, ज्वारी, मूग, उडीद, भुईमूग होता तेव्हा निंदणीला गेलेली बाई पदरात तांदुळजा, घोळ, चिवळ, पाथरी घेऊन परतायची. बांधावर वाल, गिलके असायचे. त्या भाजीला पैसे पडत नव्हते आणि कुणी मोजतही नव्हते. मग ठिबक आले, केळी वाढली, निंदणीच्या जागी तणनाशकाचा फवारा आला. तणाबरोबर मजुरांची भाजीही गेली. बागायतदाराचे उत्पन्न वाढले, याचे आम्हाला दुःख नाही. पण त्या हिशेबात पदरातली भाजी कुणी धरलीच नाही.

गावात किराणा दुकाने दोन. दोन्हींच्या दारात पाकिटांच्या माळा लटकतात. आम्ही दुकानदारावरही रागावलो होतो. त्याने शांतपणे हिशेब सांगितला. पाकीट महिनोन्‌महिने टिकते. एजन्सीची गाडी ते दारात आणून देते. मेथीची जुडी आणायची तर पहाटे बारा किलोमीटर मंडीत जायचे, आणि संध्याकाळपर्यंत विकली नाही तर उकिरड्यावर टाकायची. शिवाय गिऱ्हाईक उधारीचे. पैसे हप्त्याला मजुरी झाली की मिळणार. पाकीट तोवर थांबते, मेथी थांबत नाही.

उरला आठवडी बाजार. तोही त्याच बारा किलोमीटरवर. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले, त्याचा आमच्या गावाला खरोखर फायदा झाला. पण तिकीट अर्धे झाले तरी गाड्या दोनच. बाजारात भाव उतरतो तो दिवेलागणीला, आणि आमच्या गावची शेवटची गाडी त्याआधी सुटते. म्हणजे गरिबाने महाग घ्यायचे. 2021 च्या नोव्हेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला, तेव्हा तर जीपवाल्याला पूर्ण भाडे देऊन बाजार करावा लागला. कित्येक घरांनी बाजारच सोडला.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराची नवी मार्गदर्शिका काढली. मोठ्या माणसाच्या दिवसाच्या ताटात 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळे असावीत, असे तीत सांगितले आहे. आम्ही फळ्यावर गणित मांडले. माणशी 300 ग्रॅमच धरली, तरी पाच माणसांच्या घराला दिवसाला दीड किलो, आठवड्याला साडेदहा किलो भाजी. ती एका बाईने गर्दीच्या एसटीत आणायची आणि फ्रिज नसलेल्या घरात आठ दिवस टिकवायची. प्रत्यक्षात पिशवीत येतात कांदे, बटाटे, थोडी वांगी आणि एखादी जुडी. तिसऱ्या दिवशी जुडी संपते. मग पुढच्या बाजारापर्यंत बेसन, चटणी आणि भात.

भात आहे, हेही सांगितले पाहिजे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळते, अंत्योदय कुटुंबाला 35 किलो. 2023 पासून ते मोफत आहे. अंगठा उमटत नाही म्हणून परत फिरणारी म्हातारी आम्ही पाहिली आहे. तरीही रेशन आहे म्हणून गावात चुली पेटतात. पण रेशन म्हणजे गहू आणि तांदूळ. पोट भरते, ताट पांढरेच राहते. शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे सरकारने 2023 च्या नोव्हेंबरात ठरवले. मुले त्या दिवशी गैरहजर राहत नसत. 2025 च्या जानेवारीत त्याचे पैसे बंद झाले.

अमेरिकेत अशा वस्तीला 'फूड डेझर्ट' म्हणतात, अन्नाचे वाळवंट. तिथल्या कृषी खात्याने मोजमाप ठरवताना उत्पन्न आणि अंतर या दोन्ही गोष्टी धरल्या. ग्रामीण भागात मोठे किराणा दुकान दहा मैलांपेक्षा लांब असणे ही त्यातली एक खूण. आपल्याकडे दहा मैल म्हणजे सोळा किलोमीटर. तिथल्या मोजमापाने आमचे गाव कदाचित वाळवंटात बसणारही नाही. पण मोटार असलेल्याचे सोळा आणि शेवटची एसटी चुकलेलीचे बारा यांची बरोबरी कशी करायची?

आता थोडे आपल्या लोकांविषयी. रमजान आला की शहरातले भले लोक आमच्या गावात राशनचे किट वाटतात. पीठ, साखर, तेल, डाळ, खजूर. देणाऱ्यांची नियत साफ आहे, अल्लाह त्यांना अज्र देवो. पण किटमध्ये टिकाऊ वस्तूच घालता येतात, आणि वर्षातून एकदाच. जे रेशन दुकानात मिळत नाही ते किटमध्येही नाही. 2025 च्या रमजानात आम्ही ओळखीच्या चार घरी जाऊन सांगितले, या वेळी किट नको, एका गरजू बाईला भाजीची हातगाडी घेऊन द्या. एका बुजुर्गांनी विचारले, "जकातीच्या पैशाची गाडी चालते का?" मोहल्ल्यातल्या मौलानांनी खुलासा केला : हकदाराच्या हातात माल मालकीने दिला की झाले, गाडी तिची, धंदा तिचा.

गावातल्या एका विधवा खालाला गाडी, काटा आणि पहिल्या मालापुरते पैसे मिळाले. माल आणायचा कसा, हा प्रश्न तिनेच सोडवला. ती म्हणाली, केळी भरायला टेम्पो सकाळी शहरातून येतात, ते रिकामेच येतात ना? तेव्हापासून मंडीतून दोन कॅरेट भाजी रिकाम्या टेम्पोत बसून येते. इतकी वर्षे तेच टेम्पो आमच्या एसटीच्या मागेपुढे धावत होते, आम्हा शिकलेल्यांना ते दिसले नव्हते.

सगळे सुरळीत झाले, असे मात्र नाही. कटाई नसली की टेम्पो येत नाही आणि गाडी उभी राहते. उधारीची वही जाड होते. उन्हाळ्यात दोनदा माल सडला, तेव्हा खालाने गाडी विकायची भाषा केली होती. पाकिटांच्या माळाही आहेत तिथेच आहेत. तरी आठवड्यातले चार-पाच दिवस सकाळी नऊच्या आत पालेभाजी संपते. कुणालाही संतुलित आहाराचा पाठ न शिकवता संपते.

त्या मुलाची वही आम्ही वर्ष संपताना मागून घेतली आणि त्या उत्तरावर 'सही है' असे लिहून त्याला परत दिली. त्याने पाहिले आणि विचारले, "टीचर, पहले गलत था ना?" आम्ही म्हणालो, "नहीं बेटा, गलती हमारी थी." तो अभ्यास आता आम्ही दरवर्षी पुन्हा देतो. फक्त त्या दिवशी आधी भिंतीवरचा तक्ता उतरवून ठेवतो.