डबी, उचल आणि दहा वर्षे : एका कथेच्या अध्यापनाविषयी

कळंब तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी बरीच वर्षे इंग्रजी हा विषय शिकवला. जिल्ह्याचे नाव तेव्हा उस्मानाबाद होते. 2023 मध्ये ते धाराशिव झाले. नववीचे वर्ष बोर्डाच्या परीक्षेचे नसल्याने शिक्षकाला थोडी मोकळीक असे. तिचा फायदा घेऊन 1990 नंतरच्या काही वर्षांत मी पाठ्यपुस्तकाबाहेरची एखादी कथा चक्रमुद्रित करून वर्गात नेत असे. एम. ए.ला शिकलेले कथाविश्लेषण डोक्यात ताजे होते. फळ्यावर पाच शब्द लिहायचे : कथानक, पात्र, वातावरण, निवेदकाचा दृष्टिकोन, आशयसूत्र. मग त्या पाच खणांत कथा बसवून दाखवायची. ती बसतही असे. मुले खणांतला मजकूर उतरवून घेत आणि घटक चाचणीत जसाच्या तसा परत देत. या देवघेवीला मी विश्लेषण म्हणत होतो.

ही देवघेव जिथे अडली ती कथा मोपासाँची 'द नेकलेस'. 1884 च्या फेब्रुवारीत ती 'ल गोलवा' या पॅरिसच्या दैनिकात प्रथम प्रसिद्ध झाली. मूळ फ्रेंच, वाचायची इंग्रजीतून, बोलायचे मराठीतून, आणि ते मराठीही बालाघाटाच्या कडेचे. कथा जाणकारांना परिचितच आहे. शिक्षण खात्यातल्या कारकुनाची बायको मातिल्द मंत्र्याकडच्या समारंभासाठी मैत्रिणीकडून हिऱ्यांचा हार मागून आणते, तो हरवतो, 36,000 फ्रँकांना तसाच दुसरा घेऊन परत केला जातो, कर्ज फेडण्यात दहा वर्षे जातात, आणि शेवटी कळते की मूळ हार खोटा, फार तर 500 फ्रँकांचा होता. (शिक्षण खात्यातला कारकून कर्जात बुडतो, यावर आमच्या शिक्षक-खोलीत जे विनोद झाले ते येथे सांगण्यासारखे नाहीत.) माझ्या टिपणात आशयसूत्र तयार होते : मिथ्या अभिमानाचे फळ. तंत्राच्या खणात लिहिले होते : धक्कादायक शेवट. ना. सी. फडके यांच्या 'प्रतिभासाधना'पासून आपल्याकडे कथेच्या तंत्राची जी चर्चा झाली, तिच्या संस्कारात वाढलेल्या माझ्यासारख्याला हा शेवट म्हणजे कलेची परिसीमा वाटत होती. तो वाचून झाल्यावर वर्ग चकित होईल, अशी माझी अपेक्षा होती.

वर्ग चकित झाला नाही. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, परत घेताना तिनं डबी उघडून बघितलीच न्हाई का?"

मी म्हणालो, नाही, आणि पुढे जाऊ लागलो. पण मुले तेथेच थांबली. मागून आणलेला दागिना हा त्यांच्या घरांतला नित्याचा व्यवहार होता. लग्नसराईत बोरमाळ या घरून त्या घरी जाते, आणि परत घेणारी बाई ती हातावर तोलून पाहते. त्यात अविश्वास नसतो, रीत असते. ज्याच्या घरी सराफीचा धंदा होता असा एक मुलगा म्हणाला, की डबीवरच्या नावाचा सराफ स्वतःच सांगतो की हार माझ्याकडचा नाही, मी फक्त डबी दिली असेन. मग तेव्हाच ओळखायला पाहिजे होते. मी ते वाक्य कितीदा तरी वाचले होते. पूर्वसूचन या संज्ञेची व्याख्या मला पाठ होती. या कथेतले पूर्वसूचन मात्र मला त्या दिवशी एका चौदा वर्षांच्या मुलाने दाखवले.

पुढचा प्रश्न पैशांचा निघाला. एक फ्रँक म्हणजे किती रुपये? साहित्याच्या तासाला हा प्रश्न गैरलागू आहे, असे मी सांगितले. ती माझी चूक होती. ही कथा आकड्यांवर उभी आहे. समारंभाच्या पोशाखाला 400 फ्रँक लागतात आणि तेवढ्यासाठी नवऱ्याला बंदुकीचा विचार सोडावा लागतो. हार त्याच्या नव्वदपट किमतीचा. 18,000 वडिलार्जित, उरलेले उसने : कुणाकडून हजार, कुणाकडून पाचशे, सावकारांकडून मिळेल तसे. दरमहा काही कागद फेडायचे, काहींची मुदत वाढवून घ्यायची. या वाक्याचा अर्थ मी इंग्रजी शब्दांच्या आधारे समजावू लागलो, तेव्हा कोणी तरी म्हणाले, "नवं-जुनं केलं, सर." सोसायटीचे पीककर्ज जुने फिरवून नव्याने उचलण्याला आमच्या भागात हाच शब्द आहे. आणि ज्या मुलीने डबीचे विचारले होते ती म्हणाली, "ही तर उचलच झाली की."

तिचे आईवडील दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कोयत्यावर जात. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली रक्कम ती उचल; ती ऊस तोडून फेडायची, आणि फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. ती स्वतः आजीपाशी राहून शाळा शिकत होती. तिने मग जे विचारले ते मी आजवर विसरलेलो नाही : समारंभाची एक रात्र एवढी मोठी, आणि दहा वर्षे एवढ्याशा जागेत का?

जेनेटने कथनाच्या कालमानाचा जो विचार मांडला आहे, घडलेला काळ आणि सांगण्याला लागलेला काळ यांच्यातील प्रमाण, दृश्य आणि सारांश यांतील फरक, तो आपल्याकडच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. तो मलाही ठाऊक होता. पण तो प्रश्न म्हणून माझ्यापुढे कधी आला नव्हता. मोपासाँ पोशाख, आमंत्रण, नृत्य, परतीची थंड रात्र हे सारे दृश्यरूपाने देतो. मोलकरणीला काढून टाकणे, माळ्यावरच्या खोलीत राहायला जाणे, भांडी, पाण्याच्या बादल्या, बाजारातली घासाघीस हे थोड्याच परिच्छेदांत आटोपतो. शेवटाच्या धक्क्यासाठी हे आवश्यकच आहे, असे मला आता वाटते. दहा वर्षे दृश्यांतून सांगितली असती तर हार खरा की खोटा हा तपशील गौण ठरला असता. किंवा तो इतका असह्य झाला असता की त्यावर कथा संपवताच आली नसती. तंत्राचे यश सारांशावर उभे आहे, आणि सारांशात जाते ते कष्ट. ज्यांच्या घरात वर्षाचे सहा महिने या सारांशातच जातात, त्यांनी तेथे हरकत घ्यावी, यात वाचनाची कच्ची समज नव्हती. ती नेमकी रचनेच्या सांध्यावर घेतलेली हरकत होती.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. हीच मुले मराठी कथेपाशी अशी अडखळत नसत. आमच्याच तालुक्यातल्या हासेगावचे भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' मी एकदा रिकाम्या तासाला वाचून दाखवली, तेव्हा भाव पडलेल्या टोमॅटोंविषयी कोणाला काही समजावून द्यावे लागले नाही. मुले बोलत राहिली. इंग्रजीच्या तासाला मात्र आपल्याला जे कळले ते 'उत्तर' नव्हे, अशी त्यांची ठाम समजूत असे. ती समजूत त्यांना कोणी दिली, याचा शोध फार दूर घ्यावा लागत नाही.

महिनाभराने चाचणी झाली. आशयसूत्रावर चार गुणांचा प्रश्न होता. त्या मुलीने मोडक्या इंग्रजीत लिहिले होते, की ही गोष्ट गर्वाची नाही. त्यांना सांगायची लाज वाटली, आणि हार खोटा आहे हे मैत्रिणीनेही आधी सांगितले नाही. कथेत नवरा हाराची फासणी तुटल्याचे खोटे पत्र बायकोला लिहायला लावतो, हा आधारही तिने दिला होता. मी एक गुण दिला. तपासताना समोर माझेच टिपण होते. तिने गुणांविषयी काही विचारले नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती वर्गात दिसली नाही. या वर्षी आजी आजारी असल्याने तिला कारखान्यावर सोबत नेले, एवढे कळले. ती उत्तरपत्रिका माझ्याकडे राहिली.

पुढच्या वर्षी मी फळ्यावर पाच शब्द लिहिले नाहीत. कथेतली गाळलेली दहा वर्षे लिहून आणा, असे सांगितले, आणि मराठीत लिहिले तरी चालेल असेही. बहुतेकांनी बाजार आणि पाणी भरणे लिहिले. एका मुलाने मात्र हिशेबच आणला. नवरा रात्री नकला करतो, पानाला पाच सू. वीस सूंचा एक फ्रँक, हे मी सांगितले होते. उसने 18,000 फ्रँक म्हणजे 72,000 पाने. दहा वर्षांच्या रात्री 3,650. रोज सुमारे वीस पाने, एकही रात्र न चुकवता. खाली त्याने पेन्सिलीने एक रेघ ओढून जागा मोकळी ठेवली होती. ती कशासाठी, असे विचारल्यावर तो म्हणाला, "व्याज, सर. दर लिहिलेला न्हाई गोष्टीत."