वाऱ्याकडे तोंड करून

आपाचा एकुलता मुलगा अठराचा झाला आणि त्याने जाहीर केलं, "मामू, मला हँगग्लायडिंग करायचंय. कामशेतला." आपाने माझ्याकडे पाहिलं. त्याचे वडील नाहीत. ती एवढंच म्हणाली, "तू सोबत जाणार असशील तर जाऊ दे."

त्या एका वाक्याने जबाबदारी माझ्यावर आली. मी भाषेचा शिक्षक, उडण्यातलं काय कळतं मला? आधी एवढंच कळलं की कामशेतला होतं ते मुख्यतः पॅराग्लायडिंग. हँगग्लायडरला अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा असतो आणि माणूस त्याखाली पालथा लटकतो. पॅराग्लायडर म्हणजे नुसतं कापड आणि दोऱ्या, आणि माणूस खुर्चीत बसल्यासारखा. पहिल्यांदा जाणाऱ्याला अनुभवी पायलटच्या पुढे बांधतात. दोन्हींना इंजिन नाही. दोन्हींचा मालक एकच, वारा.

उर्दूत 'हवा' म्हटलं की वाराही आला. मराठीत हवा वेगळी, वारा वेगळा. "हवा छान आहे" म्हणून सहलीला निघता येतं, पण उडायचं तर वाराच पाहावा लागतो. मी मोबाईलवर वाऱ्याचे अंदाज पाहायला शिकलो. पहिला धडा दिशेचा. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा. कामशेतची टॉवर हिल पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून तिथे दुपारनंतर समुद्राकडून येणारा वारा लागतो. पूर्वेचा वारा असेल तेव्हा शिंदेवाडीची टेकडी. "वारा पाहून पाठ द्यावी" ही म्हण मी वर्गात शिकवतो. इथे उलटं आहे. वाऱ्याला पाठ देऊन उडता येत नाही, त्याच्याकडे तोंड करूनच धावावं लागतं.

दुसरा धडा वेगाचा. अंदाजात दोन आकडे असतात, सरासरी वेग आणि झोत. सगळेजण पहिला पाहतात, दगा दुसरा देतो. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. पॅराग्लायडरचा स्वतःचा वेग साधारण ताशी 35 ते 38 किलोमीटर. समोरून तेवढाच वारा आला तर तो जागीच थांबतो, आणि जास्त आला तर मागे ढकलला जातो, टेकडीच्या पाठीमागे. तिथे वारा गडबडा लोळत असतो.

तिसरा धडा नम्रतेचा. चांगल्यात चांगलं जागतिक मॉडेलसुद्धा कित्येक किलोमीटरच्या चौकोनात विचार करतं. आपली टेकडी त्या चौकोनात हरवून जाते. म्हणजे अंदाज घरून निघायचं की नाही ते सांगतो, उडायचं की नाही ते टेकडीवरच ठरतं.

फेब्रुवारीतला शनिवार ठरला. बुधवारी अंदाज होता दुपारी चारला पश्चिमेचा 16, झोत 22. भाचा खूश. शुक्रवारी जुम्याची नमाज पढून आलो, मोबाईल पाहिला, तर 24 आणि झोत 38. सरासरीपेक्षा झोताचा जोर अडीचपट! ज्यांच्याकडे पैसे भरले होते त्यांना फोन केला. "काही होत नाही हो, रोज उडवतो आम्ही."

भाचा म्हणाला, "मामू, अल्लाह पे भरोसा नहीं क्या?" वर, "इब्न फिरनास कुठे फोरकास्ट बघत होता?"

नवव्या शतकातल्या कुर्तुबाच्या या माणसाने पंख बांधून उडी घेतली, असं अल्-मक्करीने सुमारे सातशे वर्षांनी लिहून ठेवलंय. मी म्हटलं, "त्याच लिखाणात पुढे हेही आहे की उतरताना त्याची पाठ जायबंदी झाली." आणि भरोशाचं म्हणशील तर उंट मोकळा सोडून तवक्कुल करणाऱ्याला आधी उंट बांधायला सांगितलं गेलं, ती हदीस तूही मदरशात ऐकलीयेस.

तरी शनिवारी लोकल पकडून गेलो. पैसे भरलेले होते, आणि शेवटचा शब्द टेकडीचा हे मीच त्याला सांगितलं होतं. वर पोहोचलो. काठीवरची कापडी नळी क्षणभर मलूल पडायची आणि लगेच ताठ आडवी व्हायची. वाळलेलं गवत लाटेसारखं झोपत होतं. तासभर थांबलो, फरक पडला नाही. मी म्हटलं, "आज नाही." त्याच्या डोळ्यांदेखत दोघेजण उडाले आणि सुखरूप उतरलेही. अनामत रक्कम परत मिळाली नाही. परतीच्या लोकलमध्ये तो एक शब्द बोलला नाही.

तो अबोला मला खूप लागला. काही घडलं असतं तर मी शहाणा ठरलो असतो. काहीच घडलं नाही, म्हणून भित्रा ठरलो. सावधगिरीचं हेच दुखणं आहे, ती बरोबर होती याचा पुरावा कधी मिळत नाही. पण ते दोघे उतरले म्हणून वारा ठीक होता, असंही होत नाही. सिग्नल तोडून सुखरूप घरी येणारेही रोज असतातच.

दोन आठवड्यांनी, रविवारी, अंदाज होता 14 आणि झोत 18. या वेळी मंडळी दुसरी होती. त्यांच्या पायलटने आधी स्वतः पंधरा मिनिटं नळीकडे पाहिलं, मग आम्हाला हाक मारली. भाचा पुढे बांधला गेला, चार पावलं वाऱ्याकडे धावला आणि पाचव्या पावलाखाली जमीन नव्हती. मी आयतुल कुर्सी पढत उभा होतो. बारा मिनिटं.

त्याने खालूनच आपाला फोन लावला. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. त्याचं उत्तर ऐकू आलं, "नहीं अम्मी, मामूने हवा देखी थी."

मी त्याला 'वारा' असं सुधारलं नाही.