ढोलीतला पिता

मध्य अमेरिकेतील पनामा देशात, एका प्राचीन ज्वालामुखीच्या विवरात एल व्हाये दे आन्तोन हे गाव वसले आहे. भोवतालच्या डोंगरांवरील धुक्यात बुडालेल्या अरण्यात, उंच वृक्षांच्या शेंड्यांवर, एक तपकिरी वृक्षबेडूक राहत असे. बोटांमधील रुंद पडदे पसरून तो हवेत तरंगत खाली उतरे. परंतु त्याचे खरे वेगळेपण झाडाच्या ढोलीत दिसे.

पावसाचे पाणी साठलेल्या ढोलीत, पाण्याच्या जरा वर, मादी अंडी घाली आणि निघून जाई. नर तेथेच राही. ढोलीतल्या पाण्यात अन्न ते कितीसे असणार? म्हणून हा पिता पाठमोरा होऊन आपले शरीर पाण्यात बुडवी आणि पिले त्याच्या त्वचेचे कण खरवडून खात. अपत्यपोषणाची ही रीत विलक्षणच म्हणावी लागेल.

त्याच त्वचेवर संकट आले. बेडूक पाणी आणि क्षार त्वचेतून घेतो, काही अंशी श्वासही. कायट्रिड नावाची बुरशी नेमकी तिच्यावर वाढते. शरीरातील क्षारांचा समतोल ढळतो आणि अखेर हृदय थांबते. ही बुरशी पनामाच्या डोंगरांतून पूर्वेकडे सरकत होती. ती येण्यापूर्वीच, २००५ मध्ये, अमेरिकेतील अटलांटा येथील अभ्यासकांनी काही बेडूक आपल्याकडे हलविले. पुढच्याच वर्षी बुरशी तेथे पोहोचली. अरण्यात या जातीचा आवाज शेवटचा ऐकू आला २००७ मध्ये, आणि शास्त्राने तिला नाव दिले २००८ मध्ये! बारसे झाले तेव्हा घर रिकामे झाले होते.

अटलांटात ऊब, ओलावा, आहार, सारे पुरविण्यात आले. वंश मात्र वाढला नाही. तेथील मादी २००९ मध्ये मेली. २०१२ नंतर एकच नर उरला. एका अभ्यासकाच्या लहानग्या मुलाने त्याचे नाव ‘टफी’, म्हणजे चिवट, असे ठेवले होते. कोणी हाती धरलेले त्याला मुळीच खपत नसे.

पनामातून आणल्यापासून टफीचा आवाज कोणी ऐकला नव्हता. डिसेंबर २०१४ मध्ये मात्र त्याच्या खोलीतून एक अनोळखी हाक आली. त्याची देखभाल करणाऱ्या अभ्यासकाने ती ध्वनिमुद्रित केली. नर अशी हाक मादीसाठी देतो.

२६ सप्टेंबर २०१६ रोजी टफी मेला. ते ध्वनिमुद्रण आजही ऐकता येते.